शाळेच्या दारी वस्तुसंग्रहालय
बोरिवली वा मुलुंडच्या शाळेतील मुलांस फोर्टमधील वस्तुसंग्रहालयापर्यंत न्यायचे, तर परवानगीपत्रे, लोकलची गर्दी आणि पालकांची धास्ती या साऱ्यांतून शिक्षकांस वाट काढावी लागते. म्हणूनच १० जानेवारी १९२२ रोजी जनतेस खुल्या झालेल्या, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये एक वातानुकूलित बसच प्रदर्शनदालनासारखी सजवून शाळांच्या आवारात धाडण्यास आरंभ केला, हे मला फार मोलाचे वाटते. दालनात निषिद्ध असलेला स्पर्श येथे प्रतिकृतींमुळे विद्यार्थ्यांच्या बोटांस लाभतो. संग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून स्वतंत्र बालसंग्रहालयही आहे. संग्रहालय गाठणे जमले नाही, तरी बोरिवलीकरांस कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी हाकेच्या अंतरावर. तेथील कातळात खोदलेल्या पन्हळी आणि पाण्याची टाकी शिक्षकांनी मुलांस अवश्य दाखवावीत.