दशांश दिला, मग शाळेसाठी वेगळी थैली कशाला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये येणारं ‘अं… म्हणजे’ काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय पैशाचा आहे. त्यामुळे काही जण आत्ताच पुढच्या एपिसोडवर उडी मारणार, हे मला माहीत आहे. पण थांबा जरा. मागच्या आठवड्यात अंबड तालुक्यातून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, “दादा, मी कामाला लागल्यापासून दशांश चुकवला नाही. मग शब्बाथाला परत शाळेच्या नावानं थैली फिरते, सुवार्ताकार्याच्या नावानं पाकीट येतं. एकदा दिलेलं पुरत नाही का?”

प्रश्न रास्त आहे. आणि आपल्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा ‘देवाला द्यायला कसला हिशोब’ असं म्हणून टाळतात. मला ते पटत नाही. हिशोब विचारणारा पोरगाच उद्या मंडळीचा खजिनदार होतो.

तर आधी दशांशाचं बघू. आपल्या ॲडव्हेंटिस्ट मंडळीत तुम्ही दिलेला दशांश तुमच्या गावच्या मंडळीत राहतच नाही. खजिनदार तो मोजतो, पावती करतो आणि वर कॉन्फरन्सकडे पाठवतो. तिथून ठरलेला वाटा आणखी वर, युनियनकडे, डिव्हिजनकडे, जनरल कॉन्फरन्सकडे जातो. या पैशाचं मुख्य काम एकच: वचनाची सेवा करणाऱ्यांचा पगार. म्हणून परतूरच्या छोट्या मंडळीचा पाळक आणि पुण्यातल्या मोठ्या मंडळीचा पाळक, दोघांचा पगार आपापल्या मंडळीच्या थैलीवर ठरत नाही. गरीब मंडळीला पाळक मिळतो तो या पद्धतीमुळे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि आपण ती कधी सांगतच नाही.

पण याच नियमाची दुसरी बाजूही आहे. दशांशातून मंडळीचं लाइटबिल भरायचं नसतं, पत्रे बदलायचे नसतात, शाळेची खोली बांधायची नसते. शाळेत बायबल शिकवणाऱ्या शिक्षकाचा थोडा भार त्यातून उचलता येतो, तेवढंच. बाकं, फळा, बोअर, वसतिगृहातलं जेवण, गरीब लेकराची फी हे सगळं दुसऱ्या खिशातून यायला लागतं. तो दुसरा खिसा म्हणजे अर्पण. म्हणून ती वेगळी थैली.

शब्बाथ शाळेत जे दान गोळा होतं ते मुख्यतः जगभरच्या मिशनकार्यासाठी असतं. प्रत्येक तिमाहीचा शेवटचा शब्बाथ म्हणजे तेरावा शब्बाथ. त्या दिवशीच्या दानाचा एक भाग आधीच जाहीर केलेल्या प्रकल्पांना जातो. कुठं शाळा, कुठं दवाखाना. गंमत बघा, ही पद्धत १९१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं दान भारतातल्या कामासाठी होतं. आपल्या पणजोबांच्या काळात अमेरिकेतली पोरं खाऊचे पैसे साठवून इकडं पाठवत होती. १८९० मध्ये तर शब्बाथ शाळेच्या दानातून ‘पिटकेर्न’ नावाचं अख्खं मिशनरी जहाज बांधलं गेलं.

मग आता तिकडून का येत नाहीत पैसे, असं कोणीतरी म्हणणारच. थोडेफार येतात. पण दिवस बदललेत. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था घ्यायची आणि खेड्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. तो रस्ता बंद झाला. कायदा बरा की वाईट, यावर आज वाद घालत नाही. मुद्दा असा की, बाहेरच्या पैशावर उभ्या असलेल्या शाळेचा पाया आता भुसभुशीत झालाय.

आणि जालन्याच्या माणसाला हे नवीन नाही. बेथेल माहीत आहे ना? जालन्याजवळचं. नाव बायबलमधलं, अर्थ ‘देवाचं घर’. ते वसवलं नारायण शेषाद्री यांनी. ते आपल्या पंथाचे नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. पण त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय जालन्यातल्या ख्रिस्ती शिक्षणाचा विषय निघूच शकत नाही.

ब्राह्मण घरातला हा मुलगा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, त्याच्याजवळ राहायचा. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग प्रश्न उभा राहिला की ख्रिस्ती लोकांत जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का. ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यावरून मुंबईत रान पेटलं. सांगायचं काय, तर शाळा आणि धर्म यांची गाठ आपल्याकडे पहिल्यापासून नाजूक आहे. लोकांच्या मनातली भीती उगाच आलेली नाही, आणि आपण ती हसण्यावारी नेऊ नये.

पुढं १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, इथं लष्कराची छावणी. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. गावात विहिरीवर पाणी नाही, शेतात जमीन नाही, शाळेत जागा नाही. मग त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल उभं केलं: घरं, विहिरी, शाळा, चर्च. पैसा बराचसा बाहेरून आणला. डोक्याला पागोटं बांधून हा माणूस १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत भाषण करून आला.

माझं मत विचाराल तर बेथेलची ताकद आणि बेथेलची अडचण, दोन्ही इथंच आहे. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या लेकरांच्या हातात पाटी आली. पण तिजोरीची किल्ली जालन्यात नव्हती, समुद्रापलीकडं होती. नारायण वामन टिळकांनाही पुढं हेच खटकलं. त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. माणूस कवी, हातात पैसा टिकत नव्हता, तरी सोडला.

आता आजच्या जालन्यात येऊ. दिवाळीच्या सुमाराला घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातून ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. लेकरू बरोबर गेलं की शाळेचं अर्धं वर्ष पाण्यात. आजी-आजोबा असतील तर ते सांभाळतात, सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, कारखान्यावर साखरशाळा असतात. तरी पाचवी-सहावीच्या पुढं पोरगी वयात आली की आई तिला मागं ठेवायला घाबरते. एक तर बरोबर नेते, नाहीतर लग्न उरकते.

अशा पोरीला काय लागतं? मोठी इमारत नाही लागत. एक भरवशाचं वसतिगृह लागतं, जिथं रात्री लाइट असेल, दाराला कडी असेल आणि एक मायेची मॅट्रन असेल. नाशिक जिल्ह्यात लासलगावला आपली शाळा आहे, पुण्याचं स्पायसर तर सगळ्यांना माहीत आहे. स्पायसर १९१५ मध्ये कोइंबतूरला लहानशा प्रशिक्षण शाळेच्या रूपात सुरू झालं, मग बंगळूरूला गेलं, १९४२ मध्ये पुण्यात आलं आणि २०१४ च्या कायद्यानं विद्यापीठ झालं. पण सातवीतल्या पोरीचा प्रश्न विद्यापीठानं सुटत नाही. तिचा प्रश्न महिन्याच्या खानावळीचा आहे.

इथं आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात धरतात. पण भावकी तीच, वस्ती तीच, मजुरी तीच. चुलत्याच्या पोराला मिळणारी शिष्यवृत्ती याला नाही. शिवाय शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. म्हणजे शेजारच्या खासगी शाळेत गरीब मुलाची फी सरकार भरतं. आपल्या शाळेत ती कोण भरणार? तुम्ही आणि मी. तिसरा कोणी नाही.

शनिवारचं तर विचारूच नका. शनिवारी सकाळची शाळा असते आणि आपला तर शब्बाथ. मी सातवीत असताना आमच्या शाळेची एक चाचणी परीक्षा शनिवारी आली. मी गेलो नाही, तर गुणपत्रिकेवर ‘गैरहजर’ असा शेरा पडला. सरांचा काही राग नव्हता, वेळापत्रक त्यांच्या हातात नव्हतं. पण बारा वर्षांच्या पोराला दर शनिवारी हा पेपर वेगळा द्यावा लागतो. आपल्या शाळेत तेवढं ओझं उतरतं. बस, तेवढ्यासाठीही शाळा हवी असं मला वाटतं.

आता सुवार्ताकार्य. या शब्दानं हल्ली गावात भुवया उंचावतात. घटनेच्या २५ व्या कलमात आपल्या श्रद्धेचा प्रसार करण्याचा हक्क आहे, तो खरा. पण हक्क आहे म्हणून कसंही वागायचं का? फी माफ करतो, प्रार्थनेला ये, असं कोणी म्हणत असेल तर ती सुवार्ता नाही, तो सौदा आहे. आरोग्य शिबिरात शुगर तपासून द्यायची, दारू सोडायला मदत करायची, पोरांची शिकवणी घ्यायची. आणि कोणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर लाजायचं नाही, सांगायचं. ज्यानं विचारलं नाही त्याचीही शुगर त्याच मायेनं तपासायची. अशा शिबिराला खर्च किती येतो? तपासणीच्या पट्ट्या, मंडप, चहा. बाकी नर्सिंग शिकलेल्या आपल्याच पोरींचा एक रविवार.

आणि द्यायचं कसं, तर आपल्या आज्यांनी ते दाखवून ठेवलंय. स्वयंपाकाला पीठ घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात. कापणीच्या सणाला कोणी ज्वारीचं पोतं आणतं, कोणी मोसंबीची टोपली, कोणी कोंबडी. मग लिलाव होतो आणि चाळीसची कोंबडी चारशेला जाते, त्यात मजा वेगळीच. आपल्याकडे कोंबडी नाही, फोन आहे. दर महिन्याच्या रिचार्जच्या दिवशी तेवढीच रक्कम एका लेकराच्या खानावळीसाठी बाजूला टाकणं जमेल. दहा जण मिळून एक लेकरू धरा. मात्र पैसे मंडळीच्या खात्यावरच टाका, कुणाच्या खासगी नंबरवर नको. पाकिटावर किंवा मेसेजमध्ये कशासाठी ते लिहा आणि पावती मागा. तिमाहीला मंडळीत हिशोब वाचला जातो तेव्हा जागे राहा. तरुण पोरं नेमकी त्याच वेळी बाहेर गाडीवर बसलेली असतात, आम्ही पण बसायचो.

जाता जाता दुसरा एक मेसेज. एका ताईनं विचारलंय, “आम्ही ऊसतोडीला जातो. उचल हातात आली की त्याचा दशांश काढायचा का? सासूबाई म्हणतात काढलाच पाहिजे.”

ताई, पाळकांशी एकदा बोलून घ्या, पण मला विचाराल तर उचल ही कमाई नाही, ते कर्ज आहे. कर्जाचा दहावा भाग काढायचा नसतो. काम झालं, मुकादमाशी हिशोब झाला, घामाचे म्हणून जेवढे तुमचे झाले त्यावर बघा. फिरतीच्या वर्षात काहीच उरलं नाही तर देवाचं तुमच्याकडे काही थकलेलं नाही. सासूबाईंना माझा सलाम सांगा. आणि या हंगामात धाकटीला कुठं ठेवताय, ते मात्र मला नक्की कळवा.