बाबांच्या टेस्टचं बिल कोण भरणार?

दरवर्षी एचआरचा मेल येतो, 'मेडिक्लेममध्ये आई-बाबांची नावं टाका.' दोन मिनिटांत फॉर्म भरायचा, प्रीमियम पगारातून कापला जातो, की आपण निर्धास्त! माझंही तसंच होतं.

बाबा 64 वर्षांचे. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे. 'वय झालं, चालायचंच,' म्हणायचे. शेवटी आईनेच मला फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी सांगितली. बिलं मी ऐटीत क्लेमला टाकली. उत्तर आलं... नामंजूर!

कारण पॉलिसीतच छापलेलं होतं. नेहमीचा मेडिक्लेम हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरचा खर्च देतो. नुसत्या तपासण्यांसाठी अ‍ॅडमिट झालात, तरी हात वर! थोडक्यात, कॅन्सर निघाला तर ऑपरेशनचे लाखो रुपये मिळतील. पण तो आहे का, हे बघायचे पैसे आपल्याच खिशातून.

सरकारी तपासणी मोहिमेतही तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. 2024 पासून सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्डही दाखल झाल्यावरच कामाला येतं. अमेरिकेत मात्र सरकारी मेडिकेअर विमा असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना त्यातून वर्षाला एक पीएसए मिळते.

मग उद्याच बाबांना लॅबमध्ये न्यायचं? जरा थांबा. साध्या सुजेनं किंवा इन्फेक्शननेही पीएसए वाढतं. बरेचसे प्रोस्टेट कॅन्सर अगदी हळू वाढतात. घाईतल्या ऑपरेशनने लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक त्रासही होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने 2018 मध्ये सांगितलं, की त्रास नसेल तर 55 ते 69 या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा. सत्तरीनंतर सरसकट टेस्ट नको. लघवीला त्रास होत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर मात्र वय न बघता डॉक्टर गाठा.

एवढं कराच!

• एचआरला विचारा: आपल्या पॉलिसीत ओपीडी किंवा हेल्थ चेकअप आहे का? तो आई-बाबांनाही लागू आहे का? त्यात पीएसए येते का?

• बिलं जपून ठेवा. पुढे त्याच आजारासाठी दाखल व्हावं लागलं, तर आधीच्या साधारण 30 दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे बहुतेक पॉलिसी देतात.

• जुन्या करप्रणालीत असाल, तर आरोग्य विम्याच्या एकूण सवलतीतच चेकअपचे 5,000 रुपयांपर्यंत धरता येतात. रोख दिलेले असले तरी!

• नवी पॉलिसी घेताना बाबांचा त्रास लपवू नका. पुढे क्लेम तिथेच अडकतो.

बाबांचा रिपोर्ट चांगला आला. प्रोस्टेट वाढलंय, पण कॅन्सरची शंका नाही; गोळ्या चालू आहेत. बिलाचे पैसे गेले, त्याचं काही नाही. खरी चुटपुट वेगळीच आहे. कित्येक महिने बाबा रात्र-रात्र उठत होते आणि मी रोज फोनवर फक्त 'जेवलात का?' एवढंच विचारत होतो. या वीकेंडला तुम्ही जरा पुढचं विचारा.