रीलला हजारो लाइक, पण कॉलेजच्या टीममध्ये जागा कशी मिळते? गावाकडच्या खेळाडूंनी मोबाइल असा वापरावा

बारावीचा निकाल लागला की गावातून दोन प्रकारची मुलं शहरातल्या कॉलेजकडे बघायला लागतात. एक मार्कांवर जाणारी, दुसरी खेळावर जाणारी. मार्कांवाल्यांचा रस्ता ठरलेला असतो. अर्ज, यादी, फी, झालं. खेळावर जाणाऱ्यांचा रस्ता मात्र आजही बहुतेक ओळखीतून जातो. पीटीच्या सरांचा कुणी मित्र कॉलेजात असला तर एक फोन होतो. नसला तर जत्रेतल्या सामन्यात एका रेडमध्ये तिघांना बाद करणारा पोरगा पुढच्या वर्षी गावातच दिसतो.

मोबाइलमुळे हा रस्ता थोडा मोकळा झाला आहे. कॉलेजच्या क्रीडा संचालकांपर्यंत आता कुणाच्या ओळखीशिवायही पोहोचता येतं. पण बहुतेक मुलं इथेच फसतात. त्यांना वाटतं, व्हिडिओ व्हायरल झाला की कॉलेजवाले शोधत येतील. प्रत्यक्षात चांगल्या व्हिडिओमुळे फार तर निवड चाचणीचं बोलावणं येतं. पुढचं सगळं मैदानावर आणि कागदावर ठरतं.

कॉलेजला खेळाडू कशाला हवा असतो?

आधी हे समजून घेतलं पाहिजे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तिथून अखिल भारतीय स्पर्धा गाठता येते. राज्यातल्या विद्यापीठांची ‘अश्वमेध’ स्पर्धा वेगळी, आणि २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही सुरू झाले आहेत. आपल्या कॉलेजचे चार खेळाडू विद्यापीठाच्या संघात गेले की कॉलेजचं नाव होतं. म्हणजे गरज दोन्हीकडून असते. संचालकांना मेसेज करताना आपण भीक मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

मुलाला यातून काय मिळतं? कुठे फी माफ होते, कुठे वसतिगृहात जागा आणि मेस मिळते, तर कुठे नुसता ट्रॅकसूट. सगळ्या कॉलेजांना लागू होईल असा एक नियम नाही. पण विद्यापीठाकडून खेळल्याचं आणि पदक मिळवल्याचं प्रमाणपत्र पुढे कामाचं ठरतं. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी चालते, हे शासन निर्णयात ठरवून दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

व्हायरल झालेल्यांचं पुढे काय झालं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या एका तरुणाचा व्हिडिओ देशभर फिरला. डांबरी रस्त्यावर अनवाणी धावत त्यानं १०० मीटर ११ सेकंदांत पार केले, असा दावा होता. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी दखल घेतली आणि भोपाळच्या ट्रॅकवर त्याची चाचणी झाली. तिथे त्याला जवळपास १३ सेकंद लागले आणि तो मागे पडला. पोरात दम नव्हता असं नाही. पण रस्त्यावरचं अंतर कुणी टेपनं मोजलं होतं, घड्याळ कुणाच्या हातात होतं, याचं उत्तर त्या व्हिडिओत नव्हतं. वर अख्ख्या देशाच्या नजरा. अशा दडपणात पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणं सोपं नसतं.

पुढच्याच वर्षी कर्नाटकातल्या कंबळा शर्यतीची बातमी आली. चिखलाच्या धावपट्टीवर म्हशींसोबत धावणाऱ्या तरुणानं १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत कापले. कुणीतरी हिशेब काढला की १०० मीटरला ९.५५ सेकंद होतात, म्हणजे उसेन बोल्टच्या ९.५८ पेक्षाही कमी. त्यालाही चाचणीचं बोलावणं आलं, पण त्यानं नम्रपणे नकार दिला. त्याचा निर्णय शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागेल. जनावराच्या ओढीनं मिळणारा वेग आणि ब्लॉकवरून स्वतःच्या पायांनी घेतलेला वेग यातला फरक बैलांच्या शर्यती बघणाऱ्या माणसाला वेगळा सांगायला नको.

मग व्हिडिओ कसा असावा?

सगळ्यात आधी गाणं काढून टाका. ‘भाऊचा नाद करायचा नाय’ छापाची रील मित्रांसाठी ठीक आहे. संचालकांना पायांची हालचाल बघायची असते आणि मैदानाचा आवाज ऐकायचा असतो. शिवाय गाण्याच्या हक्कामुळे व्हिडिओचा आवाज कधी कधी बंदही केला जातो.

मोबाइल आडवा धरा. सुरुवातीच्या तीन सेकंदांत आपण कोणता खेळाडू आहोत ते कळू द्या, जर्सी नंबर सांगा किंवा बाण दाखवा. सात-सात जणांच्या गर्दीत तुम्हाला शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. कबड्डी असेल तर रेड पूर्ण दाखवा. एक रेड ३० सेकंदांची असते, आणि खेळाडूचं डोकं कसं चालतं ते त्या अख्ख्या ३० सेकंदांत दिसतं. फक्त टच केल्याचा क्षण कापून लावला तर मागचं काहीच कळत नाही. खो-खोत बचाव करणाऱ्यानं आत आल्यापासून बाद होईपर्यंतचा सलग भाग द्यावा. शाळेच्या गच्चीवरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून शूटिंग केलं तर अख्खं मैदान दिसतं. बाद झालेली एखादी चढाईही ठेवली तर बिघडत नाही. उलट बघणाऱ्याचा विश्वास बसतो.

निवडक क्षणांची दोन मिनिटांची क्लिप आणि सोबत एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ, एवढं पुरेसं आहे. तो सामना तुल्यबळ संघाबरोबरचा हवा. लहान पोरांना धरून पाडल्याचा व्हिडिओ पाठवला तर समोरच्याला लगेच कळतं.

धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. अंतर टेपनं मोजून फक्कीनं रेघ आखा. कॅमेरा शेवटच्या रेषेवर असा ठेवा की सुरुवातीचा इशाराही दिसेल, आणि व्हिडिओ मध्ये कुठेही कापू नका. मोबाइल साधारणपणे एका सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं टिपतो, त्यामुळे जाणकार माणूस चित्रं मोजून वेळ काढू शकतो. हातातल्या घड्याळानं घेतलेली वेळ तशी लिहूनच सांगा. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवले जातात. म्हणजे गावातले ११.२ तिथे ११.४४ धरले जातील. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर चाचणीत उगाच मन खचतं.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकलेला व्हिडिओ २४ तासांत जातो आणि चॅटमधून पाठवलेला धूसर होतो. त्यापेक्षा यूट्यूबवर चढवून लिंक पाठवावी, किंवा व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

इन्स्टाग्रामवर अठरा वर्षांखालच्या मुलांचं नवीन खातं आपोआप खासगी होतं, हेही लक्षात ठेवा. लिंक पाठवली तरी समोरच्याला काही दिसत नाही आणि पोरगं उत्तराची वाट बघत बसतं. अशा वेळी पालकांनी किंवा क्रीडा शिक्षकांनी खेळापुरतं वेगळं खातं चालवणं सोयीचं पडतं. आणि जुनं खातं एकदा चाळून घ्या. हातात कोयता घेऊन काढलेल्या रीलवर गुन्हे दाखल होतात. गुन्हा नाही झाला, तरी असा मुलगा वसतिगृहात घ्यायला कोणता संचालक तयार होईल?

मेसेजमध्ये काय लिहायचं?

कॉलेजच्या वेबसाइटवर जिमखाना किंवा शारीरिक शिक्षण विभागाचं पान असतं, तिथे संचालकांचा नंबर किंवा ईमेल मिळतो. कोणत्या कॉलेजला तुमच्या खेळाची परंपरा आहे, हे विद्यापीठाच्या निकालांवरून कळतं. ‘सर, चान्स द्या ना’ एवढ्या मेसेजवर उत्तर येत नाही. साधारण असं लिहावं:

‘नमस्कार सर. मी अमुक, राहणार अमुक गाव, तालुका अमुक. यंदा बारावी कला शाखेतून ६४ टक्के मिळवून पास झालो. खेळ कबड्डी, जागा लेफ्ट कॉर्नर, उंची १७८ सेंमी, वजन ७४ किलो. १९ वर्षांखालील शालेय विभागीय स्पर्धा खेळलो आहे, प्रमाणपत्र आहे. दोन मिनिटांची क्लिप आणि पूर्ण सामना यांच्या लिंक खाली देत आहे. आमच्या क्रीडा शिक्षकांचा नंबरही दिला आहे. आपल्याकडे निवड चाचणी कधी असते ते कळावे, ही विनंती.’

वजन-उंची खरी सांगा, तिथे काटा असतोच. आधार कार्ड, मार्कलिस्ट असल्या गोष्टी पोस्टमध्ये टाकू नका, मागितल्यावर द्या. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा फोन करावा. आणि हे सगळं निकालानंतर नाही, त्याआधीच सुरू करावं. जूनमध्ये प्रवेशाची धांदल असते, तेव्हा मेसेज वाचायलाही कुणाला सवड नसते.

प्रमाणपत्र कुणाचं, तेही बघा

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्याच्या पायऱ्या आहेत. मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धाही धरल्या जातात. याउलट, ‘नॅशनल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ नाव लावून पैसे घेऊन दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या, आणि येताना सगळ्यांनाच पदक देणाऱ्या स्पर्धांचा कागद पडताळणीत टिकत नाही. शंका असेल तर पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. त्याला काही खर्च येत नाही.

‘फी भरा, सिलेक्शन पक्कं’

खेळाचे व्हिडिओ टाकायला लागलं की असे मेसेजही यायला लागतात. कुणी ‘स्काउट’ म्हणवतो, कुणी अकादमीचा लोगो लावतो, आणि चाचणीसाठी हजार-दीड हजार क्यूआर कोडवर मागतो. सरकारी चाचण्यांची जाहिरात अधिकृत वेबसाइटवर आणि क्रीडा कार्यालयात लागते. ९ ते १८ वयाच्या मुलांसाठी २०२४ मध्ये केंद्रानं ‘कीर्ती’ नावाचा प्रतिभाशोध उपक्रम सुरू केला, त्याची माहितीही तिथूनच घ्यावी. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कबड्डीवर अमेरिकेची स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणणाराही एखादा भेटतो. तिथली कॉलेजं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, हे खरं आहे. उंच उडीतला तेजस्विन शंकर २०१७ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला, पण त्याआधी त्याच्या नावावर २.२६ मीटरचा राष्ट्रीय विक्रम होता. आणि तिथल्या कॉलेजांच्या मुख्य संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, स्पर्धांमध्ये कबड्डी आणि खो-खो नाहीतच.

मुलींच्या बाबतीत जरा जास्त जपावं लागतं. वैयक्तिक फोटो मागणारा, रात्री व्हिडिओ कॉल करणारा किंवा चाचणीला एकटीच ये म्हणणारा माणूस निवड करणारा नसतो. बोलणं पालकांच्या किंवा शिक्षकांच्या नंबरवरून व्हावं. पण या भीतीपायी पोरीचा मोबाइलच काढून घेतला तर तिच्या खेळाची वाटही बंद होते.

बोलावणं आल्यावर

मातीवर खेळणाऱ्या मुलांनी चाचणीआधी निदान दोन-चार दिवस मॅटवर सराव करावा, बूट घालूनच. मॅटवर पाय वेगळा पडतो आणि घसरून गुडघे सोलतात. मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स सोबत न्याव्यात.

निवड झाली तर आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. फी आधीच माफ होणार की भरून नंतर परत मिळणार? मेसचे पैसे कोण देणार? सवलत एका वर्षाची की तिन्ही वर्षांची? आणि गुडघा दुखावून एक मोसम बाहेर बसावं लागलं तर वसतिगृहातली खोली राहणार का? सोबत गेलेल्या वडिलांनी किंवा मामांनी हे तिथेच विचारावं आणि उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर मागावं.