घरी बांधलेल्या विमानाचा हलका अल्टरनेटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा कांदिवलीतल्या एका गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान पाहायला गर्दी लोटली होती. ते बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं नाव त्यानंतर महाराष्ट्रभर झालं. पुढच्या वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमानाची नोंदणीही केली. आपल्याकडे जी मोठी बातमी ठरली, तो अमेरिकेत अनेक दशकं रुजलेला छंद आहे. १९५३ साली मिलवॉकीत स्थापन झालेल्या ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’चा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारा मेळावा जगप्रसिद्ध आहे. ओरेगन राज्यातल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’च्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं हौशी मंडळींनी स्वतः बांधून उडवली आहेत.

तिथला मूळ नियम सोपा आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असलं पाहिजे. त्याच्या बदल्यात सुटे भाग निवडायची मोठी मोकळीक मिळते आणि निवड चुकली तर तिची जबाबदारीही बांधणाऱ्याच्याच गळ्यात पडते. इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर हा असाच एक भाग. जुन्या धर्तीचा, ६० अँपिअरचा विमानी अल्टरनेटर पाच-सहा किलोंचा भरतो. आजचा हलका ४० अँपिअरचा तीन किलोंच्या आसपास, तर कायम चुंबकावर चालणारा छोटा ८ अँपिअरचा दीड किलोच्या घरात बसतो. हे आकडे पाहून बरेच जण थेट वजनावर निर्णय घेतात, आणि गैरसमजांना इथूनच सुरुवात होते.

गैरसमज १ : छोट्या विमानांना ६० अँपिअरचाच लागतो, पूर्वीपासून तसंच चालत आलंय.

वस्तुस्थिती : पूर्वी तो लागायचा, कारण दिवे विजेला भुकेले होते. उतरतानाचा १०० वॅटचा एक तंतूचा दिवा १२ व्होल्टच्या विमानात जवळपास ८ अँपिअर खायचा, आणि असे दोन दिवे असत. पंखांच्या टोकांचे व शेपटीचे दिवे मिळून ६, जुन्या पद्धतीचे लुकलुकते स्ट्रोब ७ आणि वेग मोजणारी पिटो नळी गरम ठेवायला ८. म्हणजे रेडिओ लावण्याआधीच ३५ अँपिअरच्या पुढे मजल जायची.

आता आज बांधलेलं, लायकॉमिंग इंजिनाचं एक दोन आसनी विमान घ्या. रात्रीच्या उड्डाणात पडद्यावरची उपकरणं आणि इंजिन मॉनिटर मिळून ३ अँपिअर, रेडिओ १, ट्रान्सपॉन्डर दीड, जीपीएस १, ऑटोपायलट दीड, एलईडीचे रंगीत दिवे व स्ट्रोब ३, केबिनमधलं किरकोळ २ आणि अल्टरनेटरच्या स्वतःच्या फील्डला, म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाला, ३. बेरीज झाली १६. उतरतानाचा एलईडी दिवा ४ धरला की २०, पिटो हीट लावली की २८. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएची मार्गदर्शिका सांगते की सततचा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांत ठेवावा. ४० चे ८० टक्के ३२, त्यामुळे ४० अँपिअरचा पुरतो. इंजिनाला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन असेल, तर पंप आणि इंजेक्टर धरून भार आणखी बराच चढतो आणि मग हाच ४० चा तोकडा पडतो. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या विमानातल्या उपकरणांच्या माहितीपत्रकांवरून करायचा असतो, शेजारच्या हँगरमधल्या विमानावरून नाही.

गैरसमज २ : मोठा अल्टरनेटर इंजिनाची ताकद खातो, शिवाय जादा करंट ढकलून उपकरणं जाळतो.

वस्तुस्थिती : दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. रेग्युलेटर सांभाळतो ते व्होल्टेज, साधारण १४ व्होल्ट. करंट किती जायचा हे उपकरणं ठरवतात. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असली तरी तांब्याभर पाणी घेतलं तर तांब्याभरच कमी होतं, तसंच हे. इंजिनावरचा बोजाही भारावर अवलंबून असतो. २० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली, तर इंजिनाकडून सुमारे ५०० वॅट घेतले जातात, म्हणजे एका अश्वशक्तीच्या दोनतृतीयांश. अल्टरनेटर ४० चा असो वा ६० चा, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. मोठ्या अल्टरनेटरचं खरं ओझं त्याच्या किलोंचंच असतं.

इथे एक तपशील मात्र लक्षात ठेवावा. थंड असताना अल्टरनेटर आपल्या ठरलेल्या क्षमतेपेक्षा थोडं जास्त देऊ शकतो. म्हणून ६० च्या अल्टरनेटरच्या मुख्य तारेवर ६० चाच ब्रेकर लावला, तर तो दोष नसतानाही उडतो. तिथे वाढीव क्षमतेचा फ्यूज लागतो.

गैरसमज ३ : स्टार्टर बॅटरी रिकामी करतो, ती भरून काढायला दांडगा अल्टरनेटर हवा.

वस्तुस्थिती : स्टार्टरने २०० अँपिअर ५ सेकंद घेतले, तरी खर्च होतो जेमतेम ०.२८ अँपिअर-तास. छोटा अल्टरनेटरसुद्धा तो काही मिनिटांत भरून काढतो. प्रश्न येतो तो पूर्ण उतरलेल्या बॅटरीचा, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. तिचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि छोट्या अल्टरनेटरला बराच वेळ पूर्ण क्षमतेवर तापत राहावं लागतं. म्हणून उतरलेली लिथियम बॅटरी जमिनीवर चार्जरने भरावी. केबलने इंजिन सुरू करून तशीच भरारी घेऊ नये.

गैरसमज ४ : मोटारीचा अल्टरनेटर विमानात म्हणजे निव्वळ जुगाड.

वस्तुस्थिती : प्रमाणपत्र असलेल्या कितीतरी सेस्ना विमानांत फोर्डच्या आणि पायपर विमानांत क्रायस्लरच्या घडणीचे अल्टरनेटर कारखान्यातूनच बसून आले. आजचे अनेक हलके विमानी अल्टरनेटर मुळात निप्पॉनडेन्सोच्या मोटारी किंवा औद्योगिक घडणीवर बेतलेले आहेत. दोन शंका मात्र वारंवार निघतात.

पहिली फिरण्याच्या दिशेची. समोरून पाहिलं तर बहुतेक मोटारींची इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, लायकॉमिंग उलटं फिरतं. विजेला त्याने काही फरक पडत नाही. तयार होते ती त्रिफेज एसी वीज, आणि डायोड ती डीसी करतात. पंख्याची पाती वाकडी असतील तर हवा थोडी कमी खेचली जाते, एवढंच.

दुसरी वेगाची. लायकॉमिंगच्या स्टार्टर रिंगमागची मोठी पुली सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची, अल्टरनेटरची सुमारे ७ सेंटिमीटरची. म्हणजे इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेत असताना अल्टरनेटर साडेनऊ हजारांच्या आसपास फिरतो. मोटारीत हाच भाग याहून वेगाने फिरायला बनवलेला असतो. वेगाच्या भीतीने अल्टरनेटरला मोठी पुली बसवली, तर टॅक्सी करताना वीज कमी पडते. खरी काळजी रोटरच्या संतुलनाची घ्यावी, आणि चांगले पुरवठादार ते तपासूनच माल देतात. भंगारातून उचललेला अल्टरनेटर ही वेगळीच गोष्ट आहे, त्याचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो.

गैरसमज ५ : रेग्युलेटर आतच असला की तारा कमी, वजन कमी, काम झालं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडू शकणारा गैरसमज हाच. रेग्युलेटर दोन तऱ्हांनी बिघडतो. फील्डला वीज देणं बंद झालं तर अल्टरनेटर गप्प होतो आणि विमान बॅटरीवर येतं. पण रेग्युलेटर शॉर्ट होऊन फील्डला पूर्ण वीज जात राहिली, तर व्होल्टेज बेफाम चढतं. बॅटरी काही काळ ते शोषून धरते. बॅटरी जोडलेली नसेल तर वेगात फिरणारा अल्टरनेटर शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि पॅनेलमधली लाखमोलाची उपकरणं काही क्षणांत निकामी होतात.

रेग्युलेटर बाहेर असेल तर फील्डची तार वैमानिकाच्या हातात राहते. स्विच बंद केला की अल्टरनेटर बंद. याच तारेवर अतिव्होल्टेजचं संरक्षण बसतं. व्होल्टेज १६ च्या पुढे गेलं की ते मुद्दाम शॉर्ट करून ५ अँपिअरचा ब्रेकर उडवतं आणि फील्ड मेलं की वीज थांबते.

मोटारीच्या बहुतेक अल्टरनेटरमध्ये मात्र सुरुवात झाल्यावर रेग्युलेटर फील्डची वीज आतूनच घेतो. तो शॉर्ट झाला तर बाहेरची नियंत्रणाची तार तोडूनही अल्टरनेटर थांबेल याची खात्री नसते. उपाय म्हणून काही जण मुख्य तारेवर मोठा कॉन्टॅक्टर लावतात. पण अल्टरनेटर भरात असताना तो उघडला, तर एकाएकी सुटलेल्या भाराने उसळणारं व्होल्टेज धडधाकट रेग्युलेटरलाही मारू शकतं. म्हणून आतला रेग्युलेटर घ्यायचाच असेल, तर विमानासाठी बदल केलेला, फील्ड बाहेरून तोडता येणारा आणि अतिव्होल्टेजचं संरक्षण असलेलाच घ्यावा. लिथियम बॅटरीवाल्यांना तर हे संरक्षण टाळताच येणार नाही. त्या बॅटरीच्या आतली इलेक्ट्रॉनिक व्यवस्था स्वतःला वाचवायला बॅटरी तोडते, आणि मग अल्टरनेटर एकटाच उरतो.

गैरसमज ६ : अल्टरनेटर गेला की इंजिन बंद.

वस्तुस्थिती : हे ठिणगी कुठून येते यावर अवलंबून आहे. लायकॉमिंगच्या दोन मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतात. अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही गेल्या तरी इंजिन चालतं. रोटॅक्स ९१२ या इंजिनाची ठिणगीसुद्धा इंजिनातल्याच स्वतंत्र वेटोळ्यांतून येते. दोन्ही मॅग्नेटोंच्या जागी विमानाच्या विजेवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलेलं असेल तर मात्र वीज गेली की इंजिन गेलं. इंजेक्शनच्या रोटॅक्स ९१२ आयएसमध्ये कारखान्यानेच दोन जनरेटर दिले आहेत, ते याचसाठी.

मॅग्नेटोवाल्यांनीही बॅटरी किती वेळ तग धरेल हे मोजून ठेवावं. १६ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ५ अँपिअरचा अत्यावश्यक भार, भागाकार तीन तासांहून जास्त येतो. पण बॅटरी जुनी होते, थंडीत कमी देते, आणि तिचा छापील आकडा संथ डिस्चार्जचा असतो. दोन तास धरणं शहाणपणाचं. यापेक्षा जास्त वेळ हवा असेल, तर कायम चुंबकाचा छोटा अल्टरनेटर लायकॉमिंगच्या व्हॅक्यूम पंपाच्या रिकाम्या जागी बसतो. तिथला दांडा इंजिनाच्या १.३ पट वेगाने फिरतो, आणि तिथे ६-८ अँपिअर मिळाले तरी अत्यावश्यक भार इंधन संपेपर्यंत निभावतो. ४० चा हलका आणि सोबत ८ चा छोटा, अशी जोडी एका जुन्या, जड अल्टरनेटरपेक्षा वजनात भारी पडत नाही.

अल्टरनेटर आवाज न करता मरतो, हेही विसरू नये. १३ व्होल्टच्या खाली लुकलुकणारा दिवा वजनात नगण्य असतो, पण बॅटरीचे ते दोन तास कधी सुरू झाले हे तोच सांगतो.

गैरसमज ७ : जितका हलका तितका चांगला.

वस्तुस्थिती : विमानात वजनाइतकंच महत्त्व ते वजन कुठे आहे याला असतं. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या विमानांचं इंजिन मागे असतं. समजा, अल्टरनेटर गुरुत्वमध्याच्या दीड मीटर मागे आहे आणि तोल राखायला नाकात अडीच मीटर पुढे शिसं ठेवलंय. मागचे २ किलो वाचले की नाकातलं १.२ किलो शिसंही काढता येतं. अशा विमानात हलक्या अल्टरनेटरचा फायदा दीडपटीहून जास्त होतो. पण इंजिन पुढे, प्रोपेलर लाकडी आणि हलका, बॅटरी मागे, अशा विमानाची शेपूट आधीच जड असते. तिथे नाकातलं वजन काढलं तर गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो. आधी वजन-तोलाचा तक्ता पाहावा.

हलक्या अल्टरनेटरमध्ये तांबं आणि लोखंड कमी, त्यामुळे तो लवकर तापतो. इंजिनाच्या आवरणाखालची हवा गरम असते. बाहेरची थंड हवा नळीने थेट डायोडांकडे नेली, तर त्याचं आयुष्य वाढतं. अल्टरनेटर बंद पडल्याच्या तक्रारींत खुद्द अल्टरनेटर अनेकदा निर्दोष निघतो. ब्रॅकेटला तडा गेलेला असतो, कंपनांनी मुख्य तारेचं टर्मिनल तुटलेलं असतं, पुली सरळ रेषेत नसल्याने पट्टा घासलेला असतो. लायकॉमिंगचा पट्टा बदलायला प्रोपेलर उतरवावा लागतो, म्हणून पहिल्यांदाच तो नीट बसवलेला बरा. दोनशे ग्रॅम वाचवायला पातळ ब्रॅकेट लावणं हा खोटा हिशोब आहे.

एकंदरीत क्रम असा ठेवावा. आधी भाराची बेरीज करा, दिवसाची आणि रात्रीची वेगळी. मग अल्टरनेटर बंद पडला तर इंजिन आणि अत्यावश्यक उपकरणं किती वेळ चालतील ते लिहा. त्यानंतर अतिव्होल्टेजचं संरक्षण आणि वैमानिकाच्या हातातला बंद करायचा स्विच नक्की करा. थंड हवेची सोय, ब्रॅकेट आणि गुरुत्वमध्य तपासा. या सगळ्यांत उतरलेले दोन-तीन अल्टरनेटर समोर राहतील, आणि त्यातला सगळ्यात हलका निर्धास्त घ्या.