माळव्यातले संतचरित्रकार

धारला सूफी पीर अब्दुल्ला शाह चंगाल यांच्या कबरीवर 1455 सालचा फारसी शिलालेख आहे. चंगाल यांच्या प्रभावाने राजा भोजाने इस्लाम स्वीकारला, अशी कथा त्यात पद्यात कोरलेली आहे. भोज अकराव्या शतकातला, म्हणजे मध्ये चारशे वर्षे गेलेली. इतिहासकार ही कथा खरी धरत नाहीत. पण पंधराव्या शतकातल्या धारला आपला अवलिया कसा हवा होता, हे मात्र तिच्यातून स्वच्छ दिसते.

जवळच मांडूत मोहम्मद गौसी शत्तारींनी निराळे काम केले. एकाच पीराचा महिमा न गाता त्यांनी शेकडो सूफींची चरित्रे गोळा केली आणि 1613च्या सुमारास ‘गुलजार-ए-अबरार’ पुरा करून जहांगीरला अर्पण केला. आपल्याकडे त्यांच्या जोडीला बसवावा तो ताहराबादचा महिपती. ‘भक्तविजय’ (1762) लिहिताना ग्वाल्हेरचे नाभाजी आणि माणदेशचे उद्धवचिद्घन यांचा आधार घेतल्याचे तो मोकळेपणाने सांगतो. (आजचे अभ्यासक नाभाजींना राजस्थानातल्या गलत्याचे मानतात, ते असो.) मराठी कीर्तनांतला कबीर बराचसा ‘भक्तविजया’च्याच वाटेने आला, चमत्कारांसकट.

माळव्यातल्याच, पवारांच्या देवासात मात्र कबीर भेटतो तो चरित्राशिवाय. नाथपंथी साधू शीलनाथबाबांच्या धुनीवर कबीर आदींची निर्गुणी भजने चालत. ‘शीलनाथ शब्दामृत’ या छोट्या पुस्तकात ती छापलीही गेली. 1948 साली क्षयाने आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले, नाथजोग्यांचे गाणे त्यांच्या कानावर पडले आणि पुढे या पुस्तकातली पदे त्यांच्या मैफलीत आली. कबीर कुठे जन्मला, कोणी वाढवला, याचा तिथे प्रश्नच नाही. पदाच्या शेवटच्या ओळीत नाव येते, तेवढाच त्याचा ठावठिकाणा.

अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांनी शुकदेव सिंहांसह केलेला ‘बीजक’ या कबीरपंथी ग्रंथाचा अनुवाद 1983 साली आला होता. पोथीत मुरलेल्या या विदुषी नंतर माळव्यात गायकांमध्ये वावरल्या. 1990च्या दशकात ‘एकलव्य’ संस्थेच्या देवास केंद्रात खेडोपाडीच्या भजनी मंडळ्या दर महिन्याला जमत, रात्रभर गात आणि गुरुबाजीवर, चौका आरती या कबीरपंथी विधीवर कडाडून वादही घालत. हेस यांच्या 2015च्या ‘बॉडीज ऑफ साँग’मध्ये हे सारे आहे. पद मूळचे कबीराचे की नाही यावर त्या अडून बसत नाहीत. ते कोणाच्या तोंडी कसे बदलले, हे त्यांना जास्त मोलाचे वाटते. मला हा पवित्रा पटतो. मराठीत नामदेवांसाठी अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झके कीर्तनकारांच्या बाडांपर्यंत गेले (2008); आपल्या विद्यापीठांचा जीव अजून संहिताशुद्धीतच जास्त रमतो.