औषधसाठा आणि उपकरणे : सातारा–सांगली

रुग्णालये : साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे.

खरेदी : २०१७ पासून राज्यस्तरावर हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले.

मुदत : आधी आलेले नव्हे, आधी मुदत संपणारे औषध आधी वापरायचे.

सर्पदंशाची लस : नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस. द्रवरूपातली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. भुकटीला शीतकपाट सक्तीचे नाही, म्हणून वीज जाणाऱ्या गावांत तीच सोयीची. मात्र प्रत्येक कुपी १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते. कुपीसोबत पाण्याचाही साठा हवा.

देखभाल करार : साध्या वार्षिक करारात तपासणी आणि दुरुस्तीची मजुरी येते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सर्वसमावेशक करारात बहुतेक सुटे भागही येतात. करार संपला की बिघडलेले यंत्र अडून पडते, मोठे असो वा छोटे.

पूर : सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तळमजल्यावरच्या कोठाराची जागा ठरवताना हा ५७ फुटांचा आकडाच धरावा.