मनसरचा काळा दगड

नागपुराहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की रामटेकच्या अलीकडे मनसर लागते. प्रवाशाचे डोळे रामाच्या गडाकडे लागलेले. तेव्हा इथल्या जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या काळ्या दगडाची विचारपूस कोण करणार? हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. हातात घेतला तर आकाराच्या मानाने भलताच जड लागतो.

पोलादात मँगनीज नसेल तर गंधकामुळे ते तापवून लाटताना तडकते. म्हणून तर १८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही विलायती मंडळी या भागात अवतरली. १९०५ च्या सुमारास रशियातल्या दंगलींमुळे कॉकेशसचा माल अडला, भाव कडाडले आणि नागपूर-भंडारा-बालाघाटच्या रानात कंत्राटदारांची झुंबड उडाली. भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी मँगनीजयुक्त अशा इथल्या एका खडकाला 'गोंडाइट' म्हटले. गोंडांच्या वाट्याला नाव आले. दगड बोटीत चढून गेला!

जमीन एकाची, माल दुसऱ्याचा आणि घाम तिसऱ्याचा, ही रीत काही इंग्रजांनी शोधली नाही. पोर्तुगालमध्ये अल्जुस्त्रेल येथे १८७६ आणि १९०६ साली ब्राँझचे दोन पत्रे सापडले. दुसऱ्या शतकातल्या रोमन खाणवस्तीचे नियम त्यांवर कोरलेले आहेत. खाण सम्राटाची, ठेकेदाराने आपल्या पैशाने खणावे आणि खनिजाचा निम्मा वाटा सरकारला द्यावा. न्हाव्याचा मक्ता ठरलेला, चांभाराचाही. हमामखान्यात बायकांनी सकाळी जावे, पुरुषांनी दुपारनंतर. शाळामास्तरांना मात्र सरकारी देणी माफ! हिशेबी लोक होते खरे. पण खनिज चोरणाऱ्या गुलामाला फटके आणि विक्री, तर स्वतंत्र माणसाची मालमत्ता जप्त व हद्दपारी. एकाच गुन्ह्याला दोन मापे.

आपल्याकडे मालक बदलले. १९६२ साली 'मँगनीज ओर इंडिया'त सरकारांचा वाटा ५१ टक्के झाला, उरलेला ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिला. १९७७ साली तोही सरकारने घेतला. खनिज फोडून निवडण्याच्या कामावर मात्र बायकाच बसत आल्या. हातोड्याचा घाव, मग नजर, मग तळहातावरचे वजन. हलका दगड बाजूला आणि जड दगड ढिगावर. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही.

१९५२ च्या खाण कायद्याने बाईला भूगर्भात उतरायला मनाई केली आणि वरच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ठरवली. हेतू रक्षणाचा होता, हे मान्य. पुढे २०१९ साली बायकांना अटींवर खाली उतरण्याची मुभा मिळाली. ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती. पदवी घेऊन आलेल्या लेकीला खाणीचे दार उघडले. हातोडा घेऊन ढिगाशी बसलेल्या तिच्या आईसाठी त्या कागदात खाली उतरण्याची मुभा नव्हती.